पाना लावण्याआधी

टायमिंग बेल्ट बदलायचा म्हटलं की गाडीच्या मालकाच्या डोळ्यांपुढे बेल्ट असतो आणि मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे एक बोल्ट. क्रँकशाफ्टच्या टोकाला, पुलीच्या मधोमध बसलेला हा बोल्ट सुटला की काम मार्गी लागतं. सुटला नाही तर गाडी दिवसभर घोडीवर उभी राहते. बेल्ट असतो प्लॅस्टिकच्या झाकणाआड, झाकण पुलीच्या मागे, आणि बहुतेक गाड्यांत पुली या एका बोल्टनं क्रँकला आवळलेली असते. त्याला वळसा घालून पुढे जायची सोय नाही.

बेल्टकडे काम एकच, पण त्यात चूक चालत नाही: क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी व्हायला हवी. साखळीऐवजी दातांचा रबरी पट्टा विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आला तो १९६२ साली, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत. रबराला तेल लागत नाही, आवाज कमी होतो. मात्र रबर नुसत्या वयानंही कमजोर होतं. म्हणून कंपन्या किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा देतात आणि लोक वर्षांची विसरतात. दारात उभी असलेली, कमी चाललेली जुनी गाडी त्यामुळेच फसवते. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, तिथे चालत्या गाडीत पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं.

पट्ट्याविषयी एवढं पुरे. पुढचं बोलणं बोल्टचं आहे. ते दोन विचारांमधलं आहे, आणि दोन्ही विचार मला महत्त्वाचे वाटतात म्हणून दोघांना बोलू दिलं आहे. एक मिस्त्री, कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या शेजारी गॅरेज चालवणारे, उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले. दुसरे मास्तर, तंत्रनिकेतनात मोटार वर्कशॉप शिकवणारे. समोर गाडी आहे १९९८ साली भारतात आलेली होंडा सिटी, पहिल्या पिढीची. पुढचं डावं चाक उतरवलेलं आहे आणि एक पोरगा लांब पाइप घेऊन उभा आहे.

मास्तर : मिस्त्री, पोराच्या हातात पाइप दिलात. पण क्रँक धरलाय कशानं?

मिस्त्री : पाचवा गिअर टाकलाय, एक जण ब्रेक दाबून बसलाय. एवढ्यावर आमचे निम्मे बोल्ट सुटतात.

मास्तर : उरलेले निम्मे?

मिस्त्री : त्यांना पाइप लांब लागतो.

मास्तर : पाइप लांब केला तरी अडचण तीच राहते. तुम्ही खाली दाबता तेव्हा आधी क्लच प्लेटच्या स्प्रिंगा दबतात, मग ड्राइव्ह शाफ्ट पिळला जातो, मग इंजिन आपल्या रबरी माउंटवर कलतं. हे सगळं ताणून होईपर्यंत पाइपचं टोक फरशीला टेकलेलं असतं. बोल्टपर्यंत दाब पोचतो, झटका पोचत नाही. होंडानं या पुलीच्या तोंडाशी ५० मिलिमीटरचा षटकोनी खड्डा ठेवलाय तो याचसाठी. पुली तिथे धरायची आणि मधून १९ ची गोटी, म्हणजे सॉकेट, घालून बोल्ट फिरवायचा. मग सगळा जोर पुली आणि बोल्ट यांच्यातच राहतो, गिअरबॉक्सला कळतही नाही.

मिस्त्री : ते बघा भिंतीला टांगलंय. लेथवाल्याकडून ५० चा षटकोन करून घेतला, मधे गोटी जाईल एवढं भोक पाडलं आणि पट्टी वेल्ड केली. मला माहीत नाही असं समजू नका.

मास्तर : मग ते भिंतीला का?

मिस्त्री : कारण ते बसवायला वेळ लागतो आणि निम्म्या वेळा लागत नाही.

मिस्त्रींचं हे उत्तर आळसाचं नाही. गॅरेजात एका गाडीची जागा अडली की दोन गिऱ्हाइकं परत जातात, आणि जो उपाय दर दोन गाड्यांमागे एकदा लगेच चालतो तो आधी करून बघणं हा हिशेब कुणीही करील. मास्तरांचा आक्षेप उपायाला नाही, क्रमाला आहे.

मास्तर : वेळेचं मान्य. पण पाइपचा हिशेब करू. हा बोल्ट आवळताना साधारण १८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला अठरा किलोचं वजन. फार नाही. सुटताना जास्त लागतो.

मिस्त्री : दुपटीनं लागलेला मी बघितलाय.

मास्तर : लागेल. आता तुमचा पोरगा सत्तर किलोचा, पाइप सव्वा मीटरचा. तो लोंबकळला तर साडेआठशे न्यूटन-मीटर होतात. तेवढ्यात अर्ध्या इंची चौकोनाचा एक्स्टेन्शन तुटतो. आणि तो तुटतो तेव्हा पोरगा पाइपासकट फरशीवर, तोंड चाकाच्या कमानीवर.

मिस्त्री : म्हणून आम्ही लोंबकळू देत नाही. पाऊण इंची दांडा वापरतो, आणि एक्स्टेन्शनच्या बाहेरच्या टोकाखाली घोडी देतो. हे तुमच्या पुस्तकात आहे का?

मास्तर : घोडीचं नसेल. सांगा की.

मिस्त्री : पुली आत असते, पाना बाहेर यायला हवा म्हणून मधे हातभर एक्स्टेन्शन. त्याच्या टोकाला पाइप लावून खाली दाबलं की टोक फिरायच्या आधी खाली झुकतं. गोटी बोल्टच्या डोक्यावर तिरकी होते, कडा धरते आणि डोकं गोल करून टाकते. टोकाखाली घोडी दिली की ते झुकत नाही, नुसतं फिरतं. आणि गोटी सहा कोनांची पाहिजे. बारा कोनांची अशा कामाला हातात घ्यायची नाही.

मास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं. जाम बोल्टवर जी नासाडी होते, तिचा मोठा भाग बोल्टच्या हट्टामुळे होत नाही. पाना सरळ न बसल्यामुळे होते. कारागिराच्या अशा युक्त्या फार थोड्या ठिकाणी लिहून ठेवलेल्या सापडतात, आणि त्या लिहिल्या जायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

मिस्त्री : तुम्ही मला क्रम शिकवलात, आता माझा क्रम ऐका. आधी रॉकेल नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे मारायचा, रात्रभर ठेवायचं. सकाळी हातोड्याचे दोन ठोके डोक्यावर. मग थोडा आवळायच्या बाजूला झटका, मग सोडायच्या. कोकणातल्या गाड्या अशाच सुटतात. रत्नागिरीहून गाडी आली की खालचा एकही बोल्ट नुसत्या पान्यानं निघत नाही.

मास्तर : त्या बोल्टांना सगळं लागू आहे. या बोल्टला नाही.

मिस्त्री : जाम तो जाम.

मास्तर : इथंच माझं तुमच्याशी जमत नाही. रत्नागिरीच्या गाडीचा बोल्ट गंजानं जाम असतो. खारी हवा, पाणी, आट्यांत गंज भरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे एकमेकांत घट्ट चिणले जातात. पातळ तेल त्या फटींत आपोआप ओढलं जातं, ठोक्यानं गंजाचे कण फुटतात, मागेपुढे केलं की वाट मोकळी होते. पण क्रँकच्या बोल्टचे आटे क्रँकच्या आत, बंद भोकात. वरून जाड वायसर, खाली पुली, सगळं एकमेकांवर दाबून बसवलेलं. आत पाणी नीट जात नाही, तसं तुमचं तेलही जात नाही. तो बहुधा गंजलेला नसतोच.

मिस्त्री : मग अडकतो कशानं?

मास्तर : ताणानं. बोल्ट आवळतो म्हणजे आपण त्याला लांब करतो, अगदी थोडा. तो परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीनं पुली क्रँकवर दाबून धरतो. आणि पान्यानं लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ओढीत जातो. निम्मा डोक्याखालच्या घर्षणात संपतो, उरलेला आट्यांच्या घर्षणात. पुढे वर्षानुवर्षं इंजिन तापतं, थंड होतं, वायसर आणि डोकं एकमेकांत बसतात, आणि घर्षण वाढतं. सोडताना तुम्ही त्या घर्षणाशी झगडता. तिथे रॉकेल काय करणार?

मिस्त्री : म्हणजे रात्रभर ठेवलेली गाडी फुकट.

मास्तर : या बोल्टपुरती फुकट. पण याच गाडीचा वॉटर पंप काढायचा असेल तर त्याच्या बोल्टांना रात्रीच तेल मारून ठेवा, ते कामी येईल.

या ठिकाणी माझं मत मास्तरांच्या बाजूनं आहे, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. जाम हे दोन वेगळ्या अवस्थांचं एकच नाव आहे. गंजाच्या जामला वेळ, तेल आणि हलकं मागेपुढे लागतं. तिथे एकदम जोर केला तर बोल्ट तुटून अर्धा आत राहतो. ताणाच्या जामला पक्की पकड आणि एकदम मोठा जोर लागतो. तिथे वेळ घालवून काही हाती येत नाही, आणि भीत भीत दाबत राहिलं तर डोक्याच्या कडा मात्र जातात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन्हीकडे नुकसान. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा प्रत्येक गॅरेजात सापडतो, पण १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते द्रव्य तयार झालं ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावरचं पाणी दूर ठेवून गंज टाळण्यासाठी. ज्या बोल्टला पाणीच लागलेलं नाही, त्याच्यावर तो डबा रिकामा करण्यात अर्थ नाही.

मिस्त्री : बरं, तेल नको. गॅसची बत्ती?

मास्तर : लोखंड तापलं की पसरतं हे खरं. पण बोल्ट पोलादी, क्रँक पोलादी किंवा ओतीव लोखंडाचा. दोन्ही जवळजवळ सारखेच पसरतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बसलेला पोलादी बोल्ट असेल तर बत्तीचा उपयोग, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं आणि भोक बोल्टपेक्षा मोठं होतं. इथे पुलीच्या मागे दोन बोटांवर क्रँकचं ऑइल सील आहे, रबराचं. काही पुल्यांत आतली आणि बाहेरची कडी जोडणारं रबरही असतं, कंप शोषायला. बत्तीनं बोल्ट सुटेल न सुटेल, सील मात्र नक्की जाईल. नव्या बेल्टवर तेल गळायला लागलं की बेल्टचं आयुष्य संपलं.

मिस्त्री : सील आम्ही बेल्टबरोबर बदलतोच.

मास्तर : बदलता हे चांगलंच. पण पुली बदलत नाही.

मिस्त्री : मग माझा शेवटचा उपाय ऐका, जो तुम्हाला आवडणार नाही. दांडा बोल्टवर लावायचा, टोक चेसीला टेकवायचं आणि स्टार्टर अर्धा सेकंद फिरवायचा. दांडा अडलेला, इंजिन फिरतंय. बोल्ट सुटतो. आमच्या धंद्यात हे सगळे करतात.

मास्तर : या गाडीवर करून बघितलंय?

मिस्त्री : या गाडीवर नाही. दुसऱ्या कंपनीच्या.

मास्तर : या गाडीवर करू नका. बहुतेक इंजिनं पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. दांडा स्थिर राहिला आणि क्रँक तसा फिरला की बोल्ट उलटा फिरल्यासारखा होतो, म्हणून सुटतो. होंडाची ही जुनी इंजिनं काट्यांच्या उलट फिरतात. आटे मात्र नेहमीचेच, उजवे. म्हणजे स्टार्टर मारला की बोल्ट आणखी आवळला जाणार. ती युक्ती या इंजिनावर उलटी चालते.

मिस्त्री गप्प राहिले, मग पोराला म्हणाले की हे खडूनं भिंतीवर लिहून ठेव.

स्टार्टरच्या युक्तीबद्दल मास्तरांहूनही कडक बोलायला हवं असं मला वाटतं. सरळ फिरणाऱ्या इंजिनावरही दांडा निसटून उडू शकतो, आणि तो कुठे जाईल हे कुणाला सांगता येत नाही. इंजिन चुकून सुरू झालं तर दांड्यासमोर उभा असलेला माणूस जायबंदी होतो. ज्या गॅरेजात पुली धरायचा षटकोन भिंतीला टांगलेला आहे, तिथे ही युक्ती लागू नये.

मास्तर : माझ्या मते यातलं काहीच लागत नाही. हवेची किंवा बॅटरीची इम्पॅक्ट गन घ्या. गन दाब देत नाही, ठोके देते. एका ठोक्याचा वेळ इतका थोडा की क्रँकला फिरायला अवधी मिळत नाही. त्याचं वजनच त्याला जागेवर धरतं, म्हणून कधीकधी पुली धरायचीही गरज पडत नाही. घर्षण एकदम मोडतं, बोल्टला पीळ पडत नाही.

मिस्त्री : गन माझ्याकडे आहे, हवेची. या पोरानं सकाळी दहा मिनिटं मारली. हललाही नाही.

मास्तर : एक्स्टेन्शन किती लांब होता?

मिस्त्री : हातभर.

मास्तर : मग ठोका एक्स्टेन्शननंच खाल्ला. लांब दांडा पिळला जातो, परत सरळ होतो, त्यातच निम्मं बळ संपतं. गन जवळ न्या, किंवा जाड, जड गोटी लावा. जड गोटीतलं वजन ठोका साठवतं आणि बोल्टला देतं. या बोल्टसाठी तशा गोट्या मिळतात. आणि हवा? तुमचा कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरायचा आहे. लांब बारीक पाइपातून गनपर्यंत दाब उरतो किती?

मिस्त्री : ते खरं. पण जड गोटीचे पैसे आणि मोठ्या कॉम्प्रेसरचे पैसे या एका बोल्टवर कसे काढायचे? महिन्याला अशी गाडी येते किती? घोडी आणि पाइप माझ्याकडे आहेच. गन चालवणाऱ्या पोराला बोल्ट काय म्हणतोय ते कळत नाही, फक्त घरघर कळते.

मास्तर : म्हणजे?

मिस्त्री : हातानं सोडताना बोल्ट सांगतो. बोल्ट कडक असतो, कडक असतो, मग एकदम कडाक करतो. पहिल्यांदा ऐकणारं पोरगं घाबरतं, वाटतं तुटला. तो आवाज चांगला. वाईट म्हणजे काय, आवाज नाही आणि पाइप मात्र मऊ मऊ खाली जातोय. बोल्ट फिरत नाही, पिळला जातोय. तिथं हात थांबायला पाहिजे. थांबला नाही तर डोकं हातात येतं. गनवर हे दोन्ही सारखेच लागतात.

मास्तर : हे मला मान्य करावं लागेल. पोलाद ताणाच्या मर्यादेपलीकडे गेलं की जोर वाढवल्याशिवायही ते वाहत जातं. आम्ही तो आलेख फळ्यावर काढतो. हाताला तो असा लागतो हे विद्यार्थ्यांना कधी दाखवलं नाही.

मिस्त्री : दाखवा की. भंगारातले बोल्ट आणा, व्हाइसमध्ये धरा, पोरांकडून दोन-दोन तोडून घ्या. तुमच्या पोरांना एकदा तुटताना कळला की गाडीवर तोडणार नाहीत.

मास्तर : आणि तुमच्या पोराला १८० म्हणजे किती हे एकदा टॉर्क पान्यावर दाखवा. मग तो पुढच्या माणसाचा बोल्ट दुप्पट आवळून ठेवणार नाही.

या ठिकाणी दोघांचं भांडण मिटलं असं वाटेल, मिटलं नव्हतं. मास्तरांचा आग्रह असा की सोडण्याआधी प्रत्येक बोल्टची माहिती बघितलीच पाहिजे, कारण काही इंजिनांत बोल्ट सोडणं हीच चूक असते. फोक्सवॅगनच्या बऱ्याच टीडीआय इंजिनांत पुली चार लहान बोल्टांनी बसवलेली असते. बेल्टसाठी तेवढेच काढायचे, मधल्या मोठ्या बोल्टला हात लावायची गरज नाही. फोर्डच्या सिग्मा इंजिनात क्रँकवरच्या दातेरी चाकाला खोबणीत बसणारी चावीच नाही. सगळं त्या बोल्टच्या दाबावर धरलेलं. बोल्ट ढिला केला की टायमिंग तिथल्या तिथे सुटलं, म्हणून आधी कॅम आणि क्रँक यांना ठरलेल्या अवजारांनी कुलूप लावायचं आणि मगच पाना लावायचा. आणि ते कुलूप टायमिंग धरण्यासाठी असतं. जोर धरण्यासाठी वापरलं तर खुंटी वाकते, कधी कॅमशाफ्ट दुखावतो. मिस्त्रींचं म्हणणं असं की प्रत्येक गाडीचं पुस्तक गॅरेजात येत नाही. जी गाडी माहीत नाही ती घ्यायची नाही, एवढा नियम पुरेसा आहे. मला दोघांचं म्हणणं व्यवहारात फारसं वेगळं वाटत नाही, पण नवख्या माणसासाठी मास्तरांचा नियम सुरक्षित आहे, कारण आपल्याला काय माहीत नाही हे नवख्याला माहीत नसतं.

षटकोन भिंतीवरून उतरला. पुलीत बसवून त्याची पट्टी चेसीला टेकवली, घोडीवर एक्स्टेन्शन ठेवला, सहा कोनांची गोटी आणि मीटरभर दांडा. पोरानं एका दमात, मधे न थांबता दाबलं आणि कडाक आवाज आला. मिस्त्रींनी बोल्ट हातात घेऊन आटे तपासले: कोरडे, चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. मास्तर काही बोलले नाहीत, पण बोल्ट त्यांनीही बघितला.

यापुढची गोष्ट मला सोडण्याइतकीच महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

मिस्त्री : बसवताना मात्र गन नाही. एवढं मी पाळतो.

मास्तर : टॉर्क पाना?

मिस्त्री : हाताच्या अंदाजानं. जरा जास्तच. सुटून चालणार नाही.

मास्तर : सुटून चालणार नाही हे तर खरंच. माझदा कंपनीची एमएक्स-५ माहीत आहे? १९९० च्या सुमाराच्या गाड्या. त्यांच्या क्रँकचं टोक आखूड होतं. बेल्ट बदलताना हा बोल्ट नीट आवळला गेला नाही की पुली अगदी किंचित हलायची. चावी खोबणीत हिंदकळायची, खोबण रुंद व्हायची, टायमिंग सरकायचं, आणि शेवटी क्रँक बदलायची वेळ यायची. तिथून लोकांनी धडा घेतला की चावी पुलीला फक्त जागा दाखवते. जोर पेलतो तो बोल्टचा दाब.

मिस्त्री : मग मी जास्त आवळतो ते बरोबरच झालं.

मास्तर : नाही. जास्त आवळलेला बोल्ट आधीच मर्यादेजवळ जातो. पुढच्या खेपेला कुणी लांब पाइप लावेल तेव्हा तो मऊ लागेल, आणि डोकं हातात येईल. ते तुमच्याच गॅरेजात होईल, कारण गिऱ्हाईक तुमच्याकडेच येणार. दुसरं, आटे कोरडे की तेलाचे?

मिस्त्री : तेलाचं बोट लावतो. पुढच्या वेळेला सुटायला सोपं.

मास्तर : तेलानं घर्षण कमी होतं, म्हणजे त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. कंपनीनं तेल लावायला सांगितलं असेल तर आकडा तेल धरून दिलेला असतो. कोरडा सांगितला असेल तर कोरडा. आपल्या मनानं तेल लावलं की तो आकडा खोटा ठरतो. होंडा आटे आणि वायसर यांना तेल लावायला सांगते, पण पुली, गाइड प्लेट आणि क्रँक यांचे एकमेकांवर टेकणारे तोंडाचे भाग पुसून कोरडे ठेवायला सांगते. तिथं घसरण नको, पकड हवी म्हणून.

मिस्त्री : आणि अंशांचं काय? काही गाड्यांत आधी आकडा, मग नव्वद अंश फिरवायला सांगतात.

मास्तर : ते घर्षणाचा अंदाज टाळायसाठी. आधी ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळून सगळं टेकवायचं, मग अंशांनी फिरवायचं. आट्याची चढण ठरलेली असल्यामुळे ताण किती येईल ते जास्त नेमकं ठरतं. फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआयमध्ये मधल्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर आणि पुढे नव्वद अंश, आणि बोल्ट प्रत्येक वेळी नवा. जुना परत वापरायचा नाही, कारण तो एकदा कायमचा लांब झालेला असतो.

मिस्त्री : नव्या बोल्टचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, जुना काय वाईट आहे?

मास्तर : तुम्ही काय सांगता?

मिस्त्री : आजवर जुनाच बसवून देत होतो. ज्या गाडीचं पुस्तक नवा म्हणतंय तिथं आता नवाच. गिऱ्हाइकाला काम सुरू करायच्या आधीच सांगायचं: बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सील, आणि बोल्ट. नंतर सांगितलं की त्याला वाटतं आपण लुबाडतोय.

गिऱ्हाइकाशी हे बोलणं आधी होणं मला गॅरेजातल्या कुठल्याही अवजाराइतकं गरजेचं वाटतं. जाम बोल्टवर घाई होते ती पुष्कळदा मालकाच्या फोनमुळे. संध्याकाळपर्यंत गाडी देतो असा शब्द दिलेला असतो, चार वाजतात, बोल्ट सुटत नाही, आणि मग पाइपला आणखी एक पाइप जोडला जातो. बोल्ट एक दिवस खाऊ शकतो असं सकाळीच सांगितलेलं असेल तर तो दुसरा पाइप कुणी शोधायला जात नाही. मालकानंही हे विचारावं: बोल्ट नवा लागतो का, आवळणार कशानं, आणि काम झाल्यावर बेल्टच्या झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहिणार का. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही.

मास्तरांनी पिशवीतून टॉर्क पाना काढला. मिस्त्रींनी तो हातात घेतला, १८० वर लावला आणि बाजूला ठेवला.

मिस्त्री : आधी मी माझ्या हातानं आवळतो, मग तुम्ही मोजा.

मास्तर : थेट गाडीवर नको. आधी व्हाइसमध्ये धरलेल्या बोल्टवर करू.

मिस्त्री : करू. पण पोराला बोलवा, त्याचा हातही मोजायचाय. त्यानंतर वॉटर पंपाचे बोल्ट, आणि ते गंजलेलेत, तिथं तुमचा पाना बाजूला राहू दे.